मदत हवी आहे: ध्यानात काही दिसायला लागलं तर त्यावर थांबायचं की सोडून द्यायचं?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं ध्यान करणाऱ्यांकडून मार्गदर्शन हवंय. पतंजलींच्या योगसूत्रात तिसरा अख्खा पाद विभूतींचा (सिद्धींचा) आहे, धारणा-ध्यान-समाधी एकाच विषयावर लावली की तो संयम, मग त्यातून पूर्वजन्माचं ज्ञान, दुसऱ्याच्या मनातलं कळणं, कंठकूपावर (गळ्याच्या खळग्यावर) संयम केला की भूक-तहान थांबणं असं एकेक सांगत जातात आणि मधेच म्हणतात की समाधीत हे उपसर्ग, म्हणजे अडथळे आहेत! मग एवढं सविस्तर सांगितलं कशाला? बौद्धांकडेही चौथ्या ध्यानाच्या (ध्यानाच्या चौथ्या पायरीच्या) आधारावर अभिज्ञा, म्हणजे अशाच अलौकिक शक्ती येतात म्हणतात, पण भिक्षूंनी गृहस्थांसमोर चमत्कार दाखवायला विनयात (भिक्षूंच्या नियमांत) बंदी.

माझा प्रश्न प्रॅक्टिकल आहे. श्वास अगदी बारीक झाला की मिटल्या डोळ्यांपुढे पांढुरका उजेड येतो, हातापायांची जाणीवच जाते, आणि उत्सुकतेने तिकडे बघायला गेलं की लगेच सगळं विस्कटतं. थेरवादात (बौद्धांच्या एका जुन्या परंपरेत) अशा उजेडाला निमित्त म्हणतात आणि काही शिक्षक त्यावरच मन लावायला सांगतात, काही म्हणतात साफ दुर्लक्ष करा. तुम्ही काय केलंत? आणि ही खरी एकाग्रता आहे की नुसती गुंगी, हे कसं ओळखता? स्वतःचा अनुभव असेल तर डिटेलमध्ये लिहा प्लीज.