दालनातला अंधार मुद्दाम असतो

चित्रांच्या दालनात एवढा अंधार का, असं विचारलंय म्हणून सांगतो. मी सोलापुरात एका छोट्या कलासंग्रहालयाचं स्टोअर, म्हणजे वस्तू जपून ठेवायची खोली, सांभाळतो. कागदावरची चित्रं नि जुनं कापड यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश पडू द्यायचा नसतो, कारण एकदा उडालेला रंग परत येत नाही, कितीही पैसे ओता. त्यात इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, मग पावसाळ्यात दमट हवा, कागद आकसतो-फुगतो अन् कसर लागायची भीती वेगळीच. जुनं इरकल लुगडं तर घडी घालून ठेवायचंच नाही, घडीवरच धागा तुटतो, म्हणून मध्ये अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) कागद घालून रुळावर गुंडाळतो. परवा एकाच लुगड्याला आम्हा दोघांची अख्खी दुपार गेली, पण काठाचा लाल अजून तस्साच आहे, बघून लई बरं वाटलं.