सोसायटीच्या फॅमिली क्लबतर्फे साइटवरच्या मुलांसाठी काय सुरू करावं? बजेट १२ हजार, सल्ला हवाय

घोडबंदरची_आई:
नमस्कार मंडळी. आम्ही कासारवडवलीजवळ राहतो, सोसायटीत आमचा काही कुटुंबांचा फॅमिली क्लब आहे. आतापर्यंत कोजागिरी, हळदीकुंकू, मुलांची सहल असंच चालायचं. यंदा सगळ्यांनी ठरवलंय की शेजारच्या टॉवरच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत जी कामगारांची कुटुंबं राहतात त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी काहीतरी करायचं, आणि आपल्या मुलांना सोबत घेऊनच करायचं. मुलं साधारण ७ ते ११ वयाची, काही महापालिकेच्या शाळेत जातात, काही कुठेच जात नाहीत. वर्गणी जमलीय १२ हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. वेळ फक्त शनिवार-रविवार. दर रविवारी क्लास, दप्तरवाटप, नाहीतर गोष्टीच्या पुस्तकांची पेटी असे तीन विचार आहेत. कोणी असं काही चालवलंय का?

खारघर_सेक्टर_३५:
ताई सरळ ४३ इंची स्मार्ट टीव्ही घ्या. आमच्या मंडळाने घेतला, स्टँड आणि पेन ड्राइव्हसकट पस्तीसच्या आसपास गेला, पण मुलं जागची हलत नाहीत. सोबत इन्व्हर्टर पण घ्या, साइटवर लाइट जाते.

घोडबंदरची_आई:
दादा, बजेट १२ आहे.

पावशेर_चहा:
दप्तरं वाटू नका हो. जूनमध्ये आमच्या इथल्या वस्तीत तीन-तीन ग्रुप येतात, एकाच मुलाला तीन दप्तरं आणि ऑक्टोबरात वही संपली की द्यायला कोणी नाही. वर लाइन लावून फोटो. मुलांचे चेहरे ग्रुपवर टाकायचे असतील तर आधी आईबापाला विचारा, तुमच्या मुलांचे फोटो कोणी असे टाकले तर चालेल का?

जुने_मास्तर:
क्लास घेणार असाल तर पहिल्या दिवशी इयत्ता विचारू नका, वाचून घ्या. माझ्याकडे चौथीतली एक मुलगी आली होती, बालभारतीचा धडा घडाघडा म्हणायची, बोट मात्र दोन ओळी वर. पाठ होता सगळा. पुस्तकाचं पान बदलून दिलं तर 'क' आणि 'फ' यात अडकली. प्रथम संस्थेची माणसं २००५ पासून मुलांना वाचता येतं का हे बघायला 'असर' पाहणी करतात, त्यांचा वाचनाचा कागद मराठीत फुकट मिळतो. त्यात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच असतं. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. मग वयाने नाही तर पातळीने गट करा. दहा वर्षांचा आणि सात वर्षांचा एका चटईवर बसले तरी चालतं, फक्त मोठ्याला 'अरे, तुला एवढं येत नाही?' असं कोणी म्हणायचं नाही. आणि खंड पडू देऊ नका, दोन रविवार बुडाले की मुलं परत येत नाहीत.

ठाणेकर_कोपरी:
मास्तरांचं बरोबर आहे पण आठवड्यातून दोन तासांत काय होणार, मुलं शाळेत गेली पाहिजेत. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ ला सिग्नल शाळा सुरू झाली, समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका मिळून चालवतात, तिथे रोजची शाळा आहे म्हणून सिग्नलवर गजरे विकणारी पोरं शिकली. तुम्ही जी मुलं शाळेतच जात नाहीत त्यांची यादी करा आणि जवळच्या महापालिका शाळेत घेऊन जा. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, वर्षाच्या मधेच आलात म्हणूनही नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं.

पावशेर_चहा:
कायद्यात आहे हो. आमच्याकडच्या एका शाळेत आधी आधार आणा मगच बोला असं तोंडावर सांगितलं, तीन चकरा मारायला लावल्या. हातात कायद्याच्या कलमांची झेरॉक्स घेऊन जा, मग सूर बदलतो.

खारघर_सेक्टर_३५:
सगळे टीव्हीला का विरोध करताय कळत नाही. आमच्याकडे येऊन बघा एकदा.

मी_मराठीच:
एक सांगा, शिकवणार कुठल्या भाषेत? ठाण्यात राहतात तर मराठीच शिकवा, उगाच हिंदी सुरू केलंत की संपलं.

तुर्भे_स्टोअर:
अहो दादा, साइटवरची निम्मी पोरं गुलबर्गा-विजापूरची असतात, घरी कन्नड नाहीतर लमाणी बोलतात. पोराला आधी कळायला तर पाहिजे तुम्ही काय म्हणताय ते.

मी_मराठीच:
लहान मुलं सहा महिन्यांत भाषा उचलतात. माझी भाची बंगळुरात उचलली.

तुर्भे_स्टोअर:
तुमच्या भाचीला पाठीवर भाऊ घेऊन फिरावं लागत नाही. ताई, हे मात्र लक्षात ठेवा, नऊ-दहा वर्षांच्या मुली कडेवर धाकटं घेऊनच येतील. एक वेगळी चटई आणि त्या बाळांकडे बघायला एक माणूस ठेवा, नाहीतर मुली दारातूनच परत जातात. आम्ही ते केल्यावरच मुली टिकल्या.

साइट_इंजिनियर_ठाणे:
मी बांधकामातच आहे म्हणून लिहितो. १) बिल्डरच्या ऑफिसात आधी लेखी परवानगी घ्या आणि मुकादमाला सोबत घ्या, तो हो म्हणाला तरच बायका मुलांना पाठवतात. २) वर्ग लेबर कँपमध्येच घ्या, मुलांना साइटमधून रस्ता ओलांडायला लावू नका, डंपर मागे येतो तेव्हा ड्रायव्हरला लहान मूल दिसत नाही. ३) खर्ची, म्हणजे घरखर्चाची उचल, कधी मिळते ते विचारा. बऱ्याच ठिकाणी शनिवारी मिळते आणि रविवारी सकाळी अख्खा कँप बाजाराला जातो, तेव्हा रविवार सकाळचा क्लास रिकामा जाईल. ४) स्लॅब संपले की निम्मी गँग दुसऱ्या साइटवर जाते. वर्षभराचा अभ्यासक्रम वगैरे आखू नका.
आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात आईबापाची नोंदणी करून द्या. वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो. नोंदणी झाली की पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० रुपये शिक्षणासाठी मिळतात, शाळेत ७५ टक्के हजेरी पाहिजे, पहिल्या दोन मुलांसाठी. तुमच्या क्लबात लॅपटॉपवाले असतीलच, त्यांनी फॉर्म भरून दिले तरी तुमच्या १२ हजारांपेक्षा जास्त पैसे त्या मुलांपर्यंत पोचतील. दर वर्षी नूतनीकरण विसरतात, ते लिहून ठेवा.

जुने_मास्तर:
हे उत्तम सांगितलंत. गाव बदलणाऱ्या मुलांसाठी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड पण घ्यायला सांगा, पुढच्या शाळेत उपयोगी पडतं.

सीए_नौपाडा:
देणगी गोळा करणार असाल तर क्लबची नोंदणी आहे का? नसेल तर करसवलतीचं कोणाला सांगू नका. नोंदणीकृत संस्थेलाही २,००० च्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती नाहीच. हिशोबाची वही दोघांच्या सहीने ठेवा.

नेरुळ_सीवूड्स:
मी चार ओळीत सांगते. पेटी करू नका. आम्ही केली होती, पावसाळ्यात पुस्तकं फुगली, काही गावाला गेली, एकावर चपाती भाजायच्या तव्याचा गोल डाग. क्लासच घ्या, मास्तर म्हणतात तसा.

ठाणेकर_कोपरी:
+१, पेटी नको. आणि मुलं शाळेत घाला, हे परत सांगतो.

खारघर_सेक्टर_३५:
पेटी नकोच, टीव्ही.

घोडबंदरची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मीटिंग झाली. नोंदणीचे फॉर्म आमच्यातले दोन बाबा भरून देणार, इंजिनियर दादांचा मुद्दा एकदम पटला. शाळेत न जाणाऱ्या मुलांना घेऊन मी आणि शेजारच्या काकू जाणार, कलमांची झेरॉक्स काढली आहे. पण क्लास नाही घेणार. आमच्यातलं कोणीच दर आठवड्याला हमखास येऊ शकेल असं नाही, आणि मास्तर म्हणाले तसं खंड पडला तर मुलांचा विश्वास जाईल, मग ते न केलेलं बरं. आम्ही पेटीच करतोय. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी, हिंदी, कन्नड तिन्हीत गोष्टी फुकट मिळतात, तिथून रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करणार, बाकी पातळ पुस्तकं विकत. शनिवारी संध्याकाळी जे कुटुंब मोकळं असेल ते जाणार, आमची मुलं त्या मुलांसोबत बसून मोठ्याने वाचणार, आणि पुस्तक घरी न्यायला द्यायचं, वहीत सही-बिही काही नाही. डाग पडलेलं पुस्तक म्हणजे चुलीजवळ कोणीतरी ते उघडलं होतं, मला त्याचं वाईट वाटणार नाही.

मी_मराठीच:
कन्नड कशाला?

तुर्भे_स्टोअर:
आईला वाचून दाखवता यावं म्हणून.

नेरुळ_सीवूड्स:
मी नको म्हटलं होतं, तरी पेटी करताय तर आमची जुनी पत्र्याची पेटी पडून आहे, झाकण घट्ट बसतं, पाणी जात नाही. घेऊन जा. सीवूड्स स्टेशनच्या पूर्वेला.

घोडबंदरची_आई:
ताई नक्की! शनिवारी ट्रान्स हार्बरने येते. पेटी किती मोठी आहे, लोकलमध्ये दोघींना उचलेल का?

नेरुळ_सीवूड्स:
दुपारी बाराच्या आत या, तेव्हा गर्दी नसते. मी स्टेशनपर्यंत रिक्षाने आणून देते.