राजूर-भंडारदरा भागात राहायला जायचंय, काय काय माहीत असायला हवं?

चिंचवडची_मीनल
नमस्कार मंडळी, मिस्टरांना अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे एका आश्रमशाळेत नोकरी लागलीये, जूनमध्ये हजर व्हायचंय. सोबत सासूबाई (बीपी, शुगर दोन्ही) आणि दुसरीतली मुलगी. माझं काम लॅपटॉपवर, म्हणजे नेट लागणारच. आम्ही तिकडे फक्त काजवे बघायला गेलोय, राहण्याचा अनुभव शून्य. घर कसं बघावं, दवाखान्याचं काय, आणि थोडी जमीन घेऊन ठेवावी का? प्लीज सविस्तर सांगा.

डांगाणी_माणूस
ताई, जूनमध्ये नका येऊ, मे मध्येच या, कारण एकदा पाऊस लागला की सामान हलवणं, घर डागडुजी काहीच होत नाही. तुम्ही पाहिलेला पाऊस आणि घाटघर-रतनवाडीकडचा पाऊस यात फार फरक आहे, इथं आठ आठ दिवस ऊन दिसत नाही. घर बघताना आधी पश्चिमेची भिंत बघा, पाऊस वाऱ्यासोबत तिकडूनच झोडपतो, ओलीचे डाग असतील तर घरमालकाला पत्रा किंवा ताडपत्री लावायला सांगा. कौलं असतील तर शाकारणी (पावसाआधी कौलं नीट लावून घेणं) झालीये का विचारा. सरपण, किराणा, गोळ्या, सगळ्याची बेगमी मे मध्येच. लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही आणि लाईट नसली की थोड्या वेळाने टॉवरही बंद पडतो, म्हणून इन्व्हर्टर घेतला तरी नेटचा भरवसा धरू नका, ऑफिसला आधीच सांगून ठेवा.
आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे मध्ये पाण्याचे हाल असतात बरं का. खाली काळा कातळ, वर उतार, पाणी मुरतच नाही, सगळं वाहून खाली जातं. त्यामुळं घराची विहीर उन्हाळ्यात टिकते का ते शेजाऱ्याला विचारा.

सह्याद्री_सिस्टर
मी याच भागात आरोग्य खात्यात काम केलंय. आजींच्या औषधांचा दोन महिन्यांचा साठा कायम घरात ठेवा. मोठं काही झालं तर संगमनेर नाहीतर नाशिक गाठावं लागतं, पावसात वेळ धरून चाला. 108 ला फोन करायचाच, पण गावात रात्री गाडी काढणारा कोण आहे त्याचा नंबरही पहिल्याच आठवड्यात घ्या.
साप हा विषय मनापासून सांगते. जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा. मण्यार रात्री अंथरुणात शिरतो, चावलेलं दुखतही नाही, सुजतही नाही, माणूस पोटात दुखतंय म्हणून पडून राहतो आणि पहाटेपर्यंत पापण्या जड होऊन श्वास अडकायला लागतो. अशी नुसती शंका आली तरी भगत नाही, दोरी बांधणं नाही, सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारींच्या विषावर एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं, ते जवळ कुठं मिळतं ते आत्ताच विचारून ठेवा.

पुण्याहून_अकोल्यात
जमिनीची घाई करू नका. त्या पट्ट्यातली बरीच जमीन महादेव कोळी, ठाकर लोकांची आहे, आणि आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही (महसूल संहिता कलम 36 आणि 36 अ). कुणी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो म्हणाला तर तो व्यवहारच टिकत नाही, आणि एका गरीब कुटुंबाची जमीन जाते, मला हे फार लागतं. बाकी शेतजमीन घ्यायलाही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. भाड्यानेच राहा.
आणि उताराच्या अगदी पायथ्याला घर नको. माळीण डोंगराच्या त्या अंगाला, फार लांब नाही, तिथं 30 जुलै 2014 ला दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली. जमिनीला नवीन भेगा, झाडं कललेली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं तर रात्र असली तरी बाहेर पडायचं.
माणसं फार जीव लावतात, पण सुरुवात तुम्हीच करा. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसात एक दिवस चिखलात उतरा, सप्त्याची वर्गणी न मागता द्या. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचं देशी बियाणांचं काम बघून या, तुमच्या मुलीला काळभात, वाल बघून मजा येईल.

चिंचवडची_मीनल
खूप आभार सगळ्यांचे! डांगाणी दादा, मे च्या पहिल्या आठवड्यात घर बघायला येतोय. मुलीची शाळा मिस्टरांच्याच शाळेत घालावी का जिल्हा परिषदेच्या?

डांगाणी_माणूस
आश्रमशाळा बहुतेक निवासी मुलांसाठी असते ताई, झेडपीच बघा. पण शाळेच्या वाटेत ओढा आहे का ते आधी बघा, जुलैत ओढा भरला की लेकरं अलीकडंच राहतात.