मदत हवी आहे : मिथिलिन ब्ल्यूचा रंग गेला आणि सकाळी परत आला!

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये पार अडकलेय, माझं चुकतंय की कॅटॅलिस्टचं (म्हणजे रिअॅक्शनचा वेग वाढवणाऱ्या चांदीच्या कणांचं) ते कुणीतरी सांगा.

विषय असा की पाल्याच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण करायचे आणि त्यांनी पाण्यातला डाय, म्हणजे रंगद्रव्य, तोडून दाखवायचा. कडुनिंबाचा पाला १० ग्रॅम, १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात पंधरा मिनिटं उकळला, गाळला, गार झाल्यावर १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये एकास नऊ प्रमाणात घातला. (पहिल्या वेळी आळशीपणा करून नळाचं पाणी घेतलं तर सगळं पांढरं गढूळ, सिल्व्हर क्लोराइड! ती बॅच बेसिनमध्ये न ओतता चांदीच्या कचऱ्यात गेली.) दुसऱ्या वेळी तासाभरात आधी पिवळा मग गडद तपकिरी रंग आला, यूव्हीत (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं मशीन) ४३० नॅनोमीटरला चांदीच्या कणांचं पीक मिळालं, इथवर मी खूश.

मग मिथिलिन ब्ल्यू (निळा डाय) १० पीपीएम, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, त्यात ताजं सोडियम बोरोहायड्राइड (इलेक्ट्रॉन देणारं, म्हणजे रिड्यूसिंग रसायन) आणि कणांचे काही थेंब. डायचं ६६४ नॅनोमीटरचं पीक आठ मिनिटांत सपाट, लॉग घेऊन ग्राफ काढला तर सरळ रेघ, मी तर रिपोर्टमध्ये 'डाय डिग्रेडेशन' असं हेडिंग पण टाकून मोकळी. रात्री ती व्हायल झाकण लावून ठेवली तर थोड्या वेळाने झाकण टपकन उडालं, मग तशीच उघडी ठेवून घरी गेले. सकाळी बघते तर वरच्या बाजूला, जिथे हवा लागते तिथे, निळी कडा! खाली पाणी अजून बिनरंगीच. हलवली तर सगळी व्हायल निळी.

डाय तुटला होता तर परत आला कुठून? गाइडना दाखवायच्या आधी समजून घ्यायचंय, प्लीज.

प्रतिसाद १
तुमचा कॅटॅलिस्ट ठणठणीत आहे, चुकलंय ते हेडिंग :) डाय तुटलेलाच नाही, त्याला फक्त इलेक्ट्रॉन मिळाले आणि तो ल्यूको मिथिलिन ब्ल्यू झाला, ज्याला रंग नसतो. बोरोहायड्राइड चांदीच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन देतं, डाय तिथेच येऊन ते घेतो, कणाचं काम मधल्या दलालाचं. बोरोहायड्राइड संपलं की हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत काढून घेतो, म्हणून निळं वरून सुरू झालं. आणि झाकण उडालं ते हायड्रोजनमुळे, बोरोहायड्राइड पाण्यात हायड्रोजन सोडतच राहतं, तेव्हा झाकण घट्ट लावू नका आणि त्यात चुकूनही ॲसिड ओतू नका.

खरं सांगायचं तर या विषयावरच्या बऱ्याच रिपोर्टमध्ये हीच गफलत असते, रंग गेला म्हणजे प्रदूषण गेलं असं धरून चालतात. वर 'ग्रीन' म्हणायचं आणि बोरोहायड्राइड भरमसाट ओतायचं.

आता एक करा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा, मग पाण्यातून हवा सोडा आणि ६६४ परत मोजा. जेवढं पीक परत आलं तेवढा डाय नुसता ल्यूको झाला होता. न आलेला भाग लगेच 'तुटला' म्हणू नका, कणांना चिकटलेला असू शकतो. कण सेंट्रिफ्यूज करून इथेनॉलमध्ये हलवा, निळं उतरलं तर ते ॲडसॉर्प्शन, म्हणजे नुसतं पृष्ठभागाला चिकटणं.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. भर एवढीच की कंट्रोल (तुलनेसाठीचे वेगळे प्रयोग) केलेत का? नुसता अर्क, नुसतं बोरोहायड्राइड आणि नुसते कण, तिन्ही वेगवेगळे डायबरोबर लावा, कारण अर्कातली पॉलिफेनॉलं स्वतःच रिड्यूसिंग असतात आणि मिथिलिन ब्ल्यू नुसत्या बोरोहायड्राइडनेही हळूहळू फिका पडतो.

रिडक्शनच (इलेक्ट्रॉन मिळणं) दाखवायचं असेल तर डायऐवजी ४-नायट्रोफेनॉल घ्या. बोरोहायड्राइड घातलं की पीक ३१७ वरून ४०० ला सरकतं, पिवळं गडद होतं आणि कॅटॅलिस्ट नसेल तर तिथेच बसून राहतं. कण घातले की ४०० उतरतं, ३०० च्या आसपास ४-अमिनोफेनॉल वर येतं, आणि हे हवेने उलटत नाही. फक्त तुमच्या चांदीचं पीकही त्याच भागात आहे, तेव्हा कण अगदी थोडे घाला आणि नुसत्या कणांचा ब्लँक वजा करा.

मूळ पोस्ट टाकणारी
दोघांचेही खूप खूप आभार!! हवा सोडून बघितली, पीक जवळपास सगळं परत आलं, म्हणजे तुटलं काहीच नव्हतं, हेडिंग खोडलं. तिन्ही कंट्रोल लावलेत. एकच राहिलं, खरंच तोडायचं असेल तर? टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजायचं मशीन आहे आमच्याकडे.

प्रतिसाद १
मग बोरोहायड्राइड सोडा आणि ऑक्सिडेशनकडे या. लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची फेंटन रिअॅक्शन, किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर यूव्ही, दोन्हीत हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतात आणि ते खरोखर रेणू फोडतात. टीओसी लावाल तेव्हा कण तीन-चारदा धुऊन घ्या, नाहीतर पाल्याचाच कार्बन मोजत बसाल आणि कण घातल्यावर आकडा उलटा वाढलेला दिसेल. सीओडी (पाण्यातलं सगळं ऑक्सिडाइझ करायला किती ऑक्सिजन लागतो ती टेस्ट) मात्र करू नका, उरलेलं पेरॉक्साइड त्यात लुडबुड करतं.