आगोटीच्या कामांत आवाजाचंही बघूया

बी-४०१ (सचिव): सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. मिरगाच्या आधी पत्रे, पन्हळी, पंप ही आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं काढायची आहेत. रात्रीच्या आवाजाच्या तक्रारी तीन ठिकाणच्या आहेत: खिडक्यांवरचे पावसाळी पत्रे, पहाटे पंप बंद होताना बसणारा दणका, आणि रस्त्याकडच्या बेडरूम. उपाय माहीत असणाऱ्यांनी नीट सविस्तर लिहा.

ए-१०२: पंपाचं मी सांगतो. दणका पंपाचा नाहीच. पंप थांबला की वरच्या टाकीकडे चढणारं पाणी पाइपात उलटं फिरतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हची) झडप त्या उलट्या लोंढ्यासोबत आपटते. आपल्याकडे झुलत्या झडपेचा व्हॉल्व्ह आहे. त्या जागी स्प्रिंगचा बसवा, पंपाच्या लगेच पुढे. स्प्रिंग पाणी उलटायच्या आत झडप मिटवते, म्हणून आपटायला काही उरत नाही.

सी-३०१: अण्णा, आणि चालू असताना भिंतीतून येते ती घरघर?

ए-१०२: ती वेगळी, ताई. ती हवेतून येत नाही, पाइपातून चढते. त्यामुळे पंपखोलीचं दार कितीही घट्ट केलं तरी तिसऱ्या मजल्यावर फरक पडणार नाही. पंपाखाली रबरी पॅड हवेत. पण नुसते पॅड घालून वरून बोल्ट आवळले की कंपन बोल्टमधून सरळ चौथऱ्यात उतरतं. बोल्टभोवती रबरी बुश (छोटी नळी) आणि नटाखाली रबरी वॉशर हे दोन्ही पाहिजेत. पंपाच्या तोंडाशी रबरी बेलोज (लवचीक, घड्यांचा जोड), आणि बेलोजच्या पुढचा पाइप स्वतःच्या आधारावर. त्याचं वजन बेलोजवर आलं तर रबर ताणून फाटतं. पाइप स्लॅबमधून जातो तिथे सिमेंटने घट्ट भरलंय. ते फोडून एक माप मोठ्या पाइपाची बाही घाला आणि मधली फट मऊ सीलंटने भरा. भिंतीवरचे क्लॅम्प रबर लावलेले घ्या.

खडी घुसळल्यासारखा आवाज आला तर मात्र पॅडने काही होणार नाही. ओढीच्या बाजूला पाणी कमी पडतंय, आधी फुटव्हॉल्व्हची (ओढीच्या पाइपाच्या खालच्या टोकाच्या व्हॉल्व्हची) जाळी साफ करा.

बी-२०३: पत्र्यांचं मी लिहिते. पत्र्याखाली थर्माकोल चिकटवायचं अनेकांच्या मनात आहे. कृपया नको. ते इतकं हलकं असतं की आवाज अडवत नाही, आणि आगीला धोकादायक. पत्रा वाजतो तो ढोलासारखा थरथरतो म्हणून, तेव्हा ती थरथर मारायची. खालच्या बाजूने चिकटणारी बिट्युमेन (डांबरी) शीट लावा. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, दोन आधारांमधला मधला भाग सर्वांत जास्त हलतो, तेवढा झाकला तरी मोठा फरक पडतो. पण पत्र्यावर खाऱ्या हवेचा थर असतो. गोड्या पाण्याने धुऊन, गंज खरवडून, दोन दिवस कडक उन्हात वाळल्यावरच शीट लावा आणि रोलरने दाबा. पाऊस सुरू झाल्यावर चिकटवलेली शीट श्रावणाआधीच सुटून लोंबेल.

बी-२०३: स्क्रूही बघा. वॉशर चिरलाय किंवा गंजून स्क्रू ढिला झालाय तिथे वाऱ्याने पत्रा खडखडतो. नवा स्क्रू वॉशर जरा दबेपर्यंतच आवळायचा, चपटा होऊन बाहेर फुगला की महिन्याभरात फाटतो.

सी-१०४: आमच्याकडे पाऊस थांबल्यावरही रात्रभर टपटप चालू असते.

बी-२०३: काकी, त्या वरच्या मजल्याच्या पागोळ्या, तुमच्या पत्र्यावर पडतात. वरच्या पत्र्याला पन्हळ लावायची, मीटरला १ सेंमी उतार देऊन. आणि पन्हळीच्या तोंडाला काथ्याची दोरी बांधून खाली जमिनीपर्यंत सोडायची, खालचं टोक दगडाला बांधून ताठ ठेवायचं. पाणी थेंबाथेंबाने न पडता दोरीवरून ओघळतं. मुसळधार पावसात दोरी पुरत नाही, पण टपटपीचा त्रास पाऊस ओसरल्यावरचाच असतो. तोवर पत्र्यावर जिथे थेंब पडतात तिथे काथ्याची जाड चटई नायलॉनच्या दोरीने बांधा. पावसाळा संपला की काढा, खाली ओल राहून पत्रा गंजतो.

ए-३०४: रस्त्याकडच्या खिडक्यांसाठी जाड पडदे घेतले तर?

सी-३०१: दादा, पडदा खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज फारसा अडवत नाही. आणि जुलैत त्यामागे बुरशी धरते. आपल्या चिऱ्याच्या भिंती जड आहेत, तिथून आवाज फार येत नाही. येतो तो फटींतून. अगदी पूर्ण आवाजबंद भिंतीतही १ टक्का जागा उघडी राहिली, तर ती भिंत २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. म्हणून काच बदलण्याआधी फटी शोधा. सरकत्या झडपेत कागदाची पट्टी धरून खिडकी बंद करा. पट्टी सहज ओढून निघाली की तिथला ब्रश, म्हणजे झडपेच्या कडेची केसाळ पट्टी, गेला. मीठ आणि धूळ बसून त्याचे केस चपटे होतात. जुन्या ब्रशचा तुकडा काढून दुकानात न्या, पट्टीची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळली पाहिजेत. केस उंच झाले तर झडप सरकत नाही, बुटके झाले तर फट तशीच.

सी-३०१: एक कळकळीची विनंती. खालच्या चौकटीतली पाणी जायची भोकं सिलिकॉनने बुजवू नका. झडीचं पाणी तिथूनच बाहेर जातं, बुजवलं तर घरात येईल.

ब्रश बदलूनही आवाज राहिला तर आतून दुसरी खिडकी, पहिलीपासून किमान १०० मिमी अंतरावर. नुसती जाड काच घालण्यापेक्षा हा चांगला उपाय, कारण अडवण्याचं बरंच काम मधलं हवेचं अंतर करतं. मात्र ती उघडणारी हवी, नाहीतर मध्ये ओल कोंडते. आणि घरातल्या सगळ्या खिडक्या अशा करू नका, आपल्या दमट हवेत समोरासमोरचा वारा लागतोच. फक्त झोपायची खोली.

ए-३०४: आणि पहाटे मिरकरवाडा बंदराकडून येणारी ट्रॉलरची (मासेमारी बोटींची) घरघर?

सी-३०१: तो खर्जातला आवाज, त्याला अडवायला वजन लागतं, ब्रशने फार कमी होणार नाही. असा आवाज खोलीच्या कोपऱ्यांत साचतो. पलंगाचं डोकं कोपऱ्यातून काढून बघा, खर्च काही नाही.

बी-१०१: मसाले कुटायचे दिवस आहेत म्हणून लिहिते. खलबत्त्याखाली चार घड्यांचं गोणपाट आणि त्याखाली १० ते १२ मिमी रबरी मॅट घाला. खोलीच्या मधोमध बसू नका, तिथे स्लॅब जास्त हलतो; तुळईजवळ बसा. खालच्यांनी छताला काही लावून हा आवाज पुरता जात नाही, तो वरच थांबवावा लागतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावा, वर्षाने बदला, त्यात वाळू रुतली की फरशी खरवडते.

बी-४०१ (सचिव): फार उपयोगी माहिती. नियमांचंही एकदा लिहितो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली झोपायच्या खोलीत ३० ची शिफारस केली होती. आपण झोपेतच असलो तरी आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात, त्यामुळे "जाग येत नाही, म्हणजे त्रास नाही" असं समजू नका, विशेषतः घरात तान्हं मूल किंवा म्हातारी माणसं असतील तर.

पंपाची वेळ पहाटे ५ ऐवजी ६.३० करतोय, उद्यापासूनच. व्हॉल्व्ह, बुश आणि बेलोजची मापं अण्णांनी प्लंबरसोबत शनिवारी घ्यावीत. खिडकीच्या ब्रशसाठी ज्यांना एकत्र मागवायचंय त्यांनी जुना तुकडा मोजून रुंदी आणि उंची मिमीमध्ये इथे टाका, फ्लॅट नंबरासकट.

सी-१०४: सी-१०४, रुंदी ५, केस ६. दोन खिडक्या. आणि काथ्याची दोरी किती जाड घेऊ?

बी-२०३: काकी, अंगठ्याएवढी. बारीक घेतलीत तर पाणी दोरी सोडून बाजूला पडेल.