मदत हवी आहे: 'हम दोनो' कुणाचं? (देव आनंद सांगू नये)

कर्वेरोडवासी:
मामांच्या जुन्या कॅसेटवर बॉलपेनने 'हम दोनो, लंडन' एवढंच लिहिलंय. एक बाई गाते, शब्द नाहीत. पुढे प्लेअरने टेप खाल्ली. मला उरलेलं ऐकायचंय. शोधलं की देव आनंदच येतो. रविवारी मामा येतायत, त्याआधी सांगा.

जुनी_तबकडी:
चित्रपट १९६१ चा, संगीत जयदेव. मामांनी रेडिओवरून भरलं असणार.

कर्वेरोडवासी:
शीर्षक वाचलंत का?

टिंगटाँग:
वाद्यं कुठली? 'एक बाई गाते' यात निम्मा महाराष्ट्र आला.

कर्वेरोडवासी:
अहो, जॅझ! सॅक्सोफोन, गिटार, ड्रम. गिटारवाला मध्येच आपल्याकडचं काहीतरी वाजवून जातो.

स्पिरिटबाबा:
रबरी रोलरवर काळा थर असतो, तो कापसाच्या बोळ्याने पुसा. तुटलेल्या टेपला साधा सेलोटेप लावू नका, डिंक सुटून पुढचे वेढे चिकटतात. मी तीन कॅसेटी घालवल्यात.

मडगावकर:
जॅझ हे आधी सांगायला काय झालं होतं! जो हॅरियट आणि आमान्सियो डिसिल्वा क्वार्टेट, १९६९. डिसिल्वा गोंयकार घरातला, जन्म मुंबईचा. हॅरियट जमैकाचा, आल्टो सॅक्स. बास डेव्ह ग्रीन, ड्रम ब्रायन स्प्रिंग. शिवाय इयन कारचं फ्लूगलहॉर्न, आणि ती बाई नॉर्मा विन्स्टन. 'बॅलड फॉर गोवा' आहे बघा त्यात. दुसऱ्या एका तुकड्याचं नाव 'स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट', 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' या जुन्या गाण्यावरून, ड्रमवाला आणि सॅक्सवाला एकाच कोटीत.

टिंगटाँग:
मोजा. हे सहा झाले. क्वार्टेट कसलं?

मडगावकर:
मूळ चौघं, दोघं पाहुणे. लग्नाच्या पंगतीत नाही का, 'घरचेच' म्हणत चाळीस पानं उठतात.

जुनी_तबकडी:
पण भारतीय आणि जॅझ म्हणजे सतार हवीच. माझ्याकडच्या हॅरियटच्या रेकॉर्डमध्ये आहे.

मडगावकर:
ते कोलकात्याच्या जॉन मेयरबरोबरचं, दहा जणांचं. इथे सतार नाही. गिटारच मींड घेते.

पियानोपंथी:
गिटार पुरे. खरं ब्रिटिश क्वार्टेट म्हणजे पियानोवाल्या स्टॅन ट्रेसीचं 'अंडर मिल्क वूड', १९६५. त्यातलं 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' रात्री दिवा बंद करून ऐका. बॉबी वेलिन्सचा टेनर सॅक्स अंधारात कुणी दारातून आत येऊन उभं राहावं तसा येतो, आणि ट्रेसी मागे दोन-तीनच सूर ठेवतो. अमेरिकन रेकॉर्ड पुजणाऱ्यांनी याकडे ढुंकून पाहिलं नाही.

टिंगटाँग:
असहमत. ट्रेसी सगळ्यांना ठाऊक आहे. खरा उपेक्षित म्हणजे पियानोवाला माईक टेलर. त्याच्या क्वार्टेटचं 'पेंड्युलम'. डेव्ह टॉमलिनचा सोप्रानो सॅक्स, जॉन हायझमनचे ड्रम. 'नाईट इन ट्युनिशिया' इतकं सुटं करून वाजवलंय की चाल ओळखायला वेळ लागतो. हाच टेलर पुढे क्रीम या रॉक बँडसाठी त्यांच्या ड्रमवाल्या जिंजर बेकरबरोबर तीन गाणी करून गेला. १९६९ च्या जानेवारीत थेम्समध्ये बुडून गेला, जेमतेम तिशीत.

मडगावकर:
मग सॅक्सवाल्या टबी हेजचं 'मेक्सिकन ग्रीन' का नाही? धाग्याचा वाद्यवृंद करू नका.

पियानोपंथी:
सुरुवात कुणी केली?

कर्वेरोडवासी:
भांडण नंतर! कुठे मिळेल?

मडगावकर:
'हम दोनो' नुसतं टाकू नका, सोबत 'हॅरियट' घाला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी दोन 'टी' आहेत. आणि मूळ एलपीच्या नादाला लागू नका, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या लॅन्सडाऊन मालिकेतली आहे, खिसा रिकामा होईल.

कर्वेरोडवासी:
मिळालं! प्लेअरने 'बॅलड फॉर गोवा'च गिळलं होतं. आता तीनदा ऐकतोय. टेलरही लावला होता, पाचव्या मिनिटाला बायको बाहेर आली, 'वरच्या मजल्यावर कुणी पियानो हलवतंय का?' मामांना फोन केला तर म्हणाले, कॅसेट त्यांची नाहीच, ज्याची होती त्याला १९८१ पासून परत द्यायची राहिलीय.

स्पिरिटबाबा:
टेप अजून टाकली नसेल तर फोटो टाका.