आज्जीच्या ओव्या आणि माझी गाणी एकत्र बसवली तर चालेल काय?

कणकुंबीकडची
नमस्कार, मी खानापूर तालुक्यातली. गिटारवर स्वतःची गाणी लिहून म्हणते, रान, पाऊस, जुनी घरं असले विषय. गावच्या गणपतीत आणि कॉलेजात म्हटलेत, आता रेकॉर्ड करून टाकायचंय. आज्जीला जात्यावरच्या लई ओव्या येतात, त्यातल्या एकदोन माझ्या गाण्यात घालाव्या म्हणते खरं उद्या कोणी चोरलं म्हटलं तर? आणि गिटारवर ओवी बसतच नाही, चाल मोडल्यासारखी वाटते. गाण्याची सुरुवात अशी आहे,
"हिरव्या रानी झुळझुळ वारा
आठवणींचा भरला पसारा"
स्पष्ट सांगा.

तुणतुणं_निपाणी
कॉर्ड कमी कर बाई. ओवी चारपाच सुरांत फिरते, तिला दर दोन मात्रांना कॉर्ड बदलून दिलास तर मोडणारच. खालच्या दोन तारा सा-पला लाव, तुणतुण्यासारख्या नुसत्या छेडत राहा आणि कॅपो (पट्टी चढवायला गिटारच्या दांडीवर लावतात ती क्लिप) आज्जीच्या पट्टीला लाव, तुझ्या नव्हे. क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात टकटक ठोका देणारा, तर लावूच नको, ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर असते, दम लागला की बाई थांबते, परत ओढते.
बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीत १९२४ ला जन्मलेले कुमार गंधर्व देवासला आजारी पडून होते तेव्हा माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले, पुढं त्या धुनांतून राग बांधले. आधी ऐकणं लई झालं पाहिजे एवढंच म्हणणं.

जांबोटी_रोड
काय करूलालीस गे, झुळझुळ वारा सातारचा माणूस पण लिहील की. तू मलप्रभेच्या उगमाजवळची ना? एकाच डोंगररांगेतनं मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडं जाते आणि म्हादई खाली गोव्याकडं, हे सोडून आठवणींचा पसारा कशाला? रोप लावणीला बायका इरलं घेऊन वाकलेल्या असतात ते लिही, रताळ्याचं लिही. चाल छान असेल, शब्द वहीतले वाटतात.

वकिलीणबाई_टिळकवाडी
चोरीचं सांगते. ज्या ओवीचा कर्ता कोणालाच माहीत नाही, पिढ्यानपिढ्या चालत आली, ती कोणीही गाऊ शकतो. कर्ता माहीत असेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणून आज्जीला विचार यातली स्वतः जुळवलेली कुठली, ती ओवी तिचीच. शिवाय तिच्या आवाजात घेतलंस तर गाणाराचा हक्क वेगळा, ५० वर्षं, तेव्हा तिची संमती घे आणि गाण्याखाली तिचं नाव टाक. घरचीच माणसं म्हणून लेखी करायचं राहून जातं आणि पुढं पैसे आले की भांडणं, बघितलेत मी.
हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात १ लाखाच्या वर ओव्या आहेत, त्यातल्या काही पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात. बहुतेक महाराष्ट्रातल्या. आपल्या भागातलं तू जमव.

कणकुंबीकडची
थँक्यू सगळ्यांना. आज्जी म्हणते नाव कशाला, मोठ्यानं म्हणायला ती लाजते. हे बघा नवीन,
"इरल्याखाली भिजली आई
मलप्रभा काय थांबत नाही"

जांबोटी_रोड
आत्ता कसं! दुसरी ओळ अजिबात हलवू नको.

तुणतुणं_निपाणी
रेकॉर्डिंग आज्जीचं आधी कर, मोबाईलवर झालं तरी चालतंय. खोलीत दोनतीन वाकळी टांग म्हणजे आवाज घुमणार नाही. पाऊस पाहिजे असेल तर वेगळा रेकॉर्ड करून मागनं जोड, पत्र्यावरचा पाऊस आज्जीचा आवाज खाऊन टाकेल.